विश्लेषण : बायोप्सीच्या प्रयोगशाळेतून झायलीन हद्दपार करता येईल?

ऑपरेशननंतर काढलेला तुकडा छोट्या बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती दिला जातो. ते ती बाटली प्रयोगशाळेत पोहोचवतात आणि ‘रिपोर्ट चार दिवसांनी’ हे उत्तर घेऊन परततात. त्या चार दिवसांत तुकडा फॉर्मालिन, अल्कोहोल, झायलीन आणि मेण या क्रमाने जातो, मग त्याचे काप होतात, काप रंगवले जातात आणि अखेरीस पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली गाठ साधी की कर्करोगाची हे ठरते. हा सगळा प्रवास घडवणारा टेक्निशियन मात्र रोज झायलीनच्या वाफेत काम करतो. झायलीनला पर्याय आहेत आणि ते आजचे नाहीत. तरीही अनेक लहान-मोठ्या प्रयोगशाळांत तोच उग्र वास दारातच सामोरा येतो. असे का, आणि बदल करायचा तर कुठून करायचा?

झायलीन लागतेच कशाला?

शरीरातील ऊती मऊ आणि पाण्याने भरलेली असते. पेशी नीट दिसायच्या तर तिचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप हवेत, आणि मऊ ऊतीचे इतके पातळ काप पडत नाहीत. म्हणून तिच्यात वितळलेले पॅराफिन मेण भरून तिला वडीसारखे घट्ट करतात. प्रयोगशाळेच्या भाषेत हा ‘ब्लॉक’. पॅराफिनचा हा वापर एकोणिसाव्या शतकापासूनचा. फॉर्मालिनने ऊती टिकवता येते हे जर्मनीतील फर्डिनांड ब्लुम यांनी १८९३ मध्ये दाखवले. मूळ पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

अडचण एवढीच, की पाणी आणि मेण एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून आधी अल्कोहोलने पाणी काढतात. सुमारे ७० टक्के अल्कोहोलपासून सुरुवात करून शेवटी निव्वळ अल्कोहोलपर्यंत जातात. पण अल्कोहोल आणि मेणाचेही जमत नाही. इथे झायलीन येते. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाची दोन्ही घरांत ऊठबस असते, तशी झायलीनची अल्कोहोल आणि मेण या दोन्हींशी. ते ऊतीत शिरून अल्कोहोलला बाहेर काढते आणि पुढे साठ अंशांच्या आसपास वितळवलेले मेण झायलीनला बाहेर काढते. या टप्प्याला ‘क्लिअरिंग’ म्हणतात, कारण झायलीन मुरलेली ऊती पारभासक दिसू लागते. भज्यांचा कागद तेलकट झाला की त्यातून पलीकडचे दिसते, त्यामागेही हेच कारण आहे. तंतूंच्या मधल्या जागेत त्यांच्याशी मिळत्याजुळत्या अपवर्तनांकाचा द्रव भरला की प्रकाश विखुरत नाही.

झायलीनचे काम इथे संपत नाही. काप स्लाइडवर घेतल्यावर रंग चढण्यासाठी त्यातले मेण काढून टाकावे लागते, तेव्हा पुन्हा झायलीन. रंग चढला, पुन्हा अल्कोहोलने पाणी काढले, की पुन्हा झायलीन. शेवटी काचेचे झाकण चिकटवायला ‘डीपीएक्स’ वापरतात. त्या नावातला शेवटचा ‘एक्स’ झायलीनच्या इंग्रजी स्पेलिंगमधलाच आहे.

मग त्रास नेमका काय?

झायलीन हे पेट्रोलियमपासून मिळणारे द्रावक आहे. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके दुखणे, गरगरणे, मळमळ हे त्याच्या वाफेचे लगेच जाणवणारे परिणाम. हातांवर सतत पडत राहिले तर कातडीतील स्निग्धांश निघून जातो, बोटे कोरडी पडतात, भेगा जातात. दीर्घकाळ संपर्क आला तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो. थकवा, चिडचिड, एकाग्रता न होणे अशी लक्षणे दिसतात. ही लक्षणे कामाच्या ताणाच्या खात्यात सहज जमा होतात, म्हणूनच ती घातक. झायलीन गर्भवतीच्या वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि मोठ्या मात्रेत गर्भावर दुष्परिणाम झाल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. प्रयोगशाळांत काम करणाऱ्या तरुण महिलांची संख्या पाहता हा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही.

‘झायलीनने कर्करोग होतो’ असे मात्र सरसकट म्हटले जाते, ते बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने झायलीनला तिसऱ्या गटात ठेवले आहे; म्हणजे कर्करोगकारक ठरवण्याइतका पुरावा नाही. परंतु बाजारात मिळणाऱ्या साध्या झायलीनमध्ये इथिलबेन्झीन मिसळलेले असते आणि ते ‘कदाचित कर्करोगकारक’ या २बी गटात आहे. त्याच खोलीतले फॉर्माल्डिहाइड तर थेट पहिल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारक गटात आहे. भीती खरी आहे, पण ती योग्य बाटलीला लावायला हवी.

शिवाय नाकाचा भरवसा धरता येत नाही. झायलीनचा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, पण थोड्या वेळात नाकाला सवय होते. सकाळी दार उघडणाऱ्याला जो वास असह्य होतो, तो दुपारी तिथेच बसलेल्याला येतच नाही. ‘आता काही वाटत नाही’ याचा अर्थ हवा शुद्ध झाली असा नव्हे.

साडेतीन चमच्यांचा हिशेब

आता एक गणित. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. हवेत झायलीनची १०० पीपीएम ही मर्यादा म्हणजे दर घनमीटरला सुमारे ४३५ मिलिग्रॅम. म्हणजे ही संपूर्ण खोली त्या मर्यादेपर्यंत भरायला जेमतेम १५ ग्रॅम झायलीन पुरते. एक मिलिलिटर झायलीनचे वजन ०.८६ ग्रॅम, तेव्हा हे झाले १७ मिलिलिटर, चहाचे साडेतीन चमचे. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संस्थेने तर आपली शिफारस २०२१ मध्ये २० पीपीएमवर आणली. त्या हिशेबाने एक चमचाही जास्तच होतो.

स्टेनिंगच्या टेबलावर झायलीनच्या पाच-सहा उघड्या बरण्या असतात. साडेतीन चमचे उडून जायला कितीसा वेळ लागणार? खोलीत हवा खेळती असेल तर प्रश्न सौम्य होतो. पण आपल्याकडे मायक्रोटोमची खोली थंड हवी म्हणून एसी लावतात, खिडक्या बंद करतात आणि वायुवीजन झाले असे समजतात. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही. तो तीच हवा, तीच वाफ, फक्त गार करून परत देतो. छतालगत बसवलेला एक्झॉस्ट फॅनही पुरेसा नाही, कारण झायलीनची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टेबलाच्या पातळीवर आणि खाली रेंगाळते. वाफ जिथे निघते तिथूनच ओढून घेणारी सोय हवी.

संरक्षणाच्या नावाखाली जे वापरले जाते त्यातले बरेचसे नुसते समाधान आहे. कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही. एन-९५ देखील नाही. तो कणांसाठी आहे. लेटेक्सचे हातमोजे झायलीनपुढे टिकत नाहीत. नायट्राइलचे थोडा वेळ टिकतात, पण सांडले की लगेच बदलायचे असतात. तेच मोजे दिवसभर घालून बसणे म्हणजे झायलीन हाताशी बांधून ठेवणे.

आगीचा मुद्दाही आहे. झायलीनची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, म्हणजे फ्लॅश पॉइंट, साधारण २५ ते ३० अंश सेल्सियस. अकोला किंवा चंद्रपूरचा मे महिना आठवा. तिथल्या एसी नसलेल्या खोलीत झायलीनचा डबा दिवसभर त्या मर्यादेच्या वरच असतो.

कायदा काय म्हणतो?

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली दुरुस्ती झाली आणि दुसऱ्या अनुसूचीत झायलीनसाठी आठ तासांची सरासरी १०० पीपीएम, तर अल्पकाळासाठी १५० पीपीएम अशी मर्यादा आली. पण हा विचार कारखाना डोळ्यांपुढे ठेवून झालेला. रुग्णालयाच्या तळघरात, जिन्याखालच्या दोन खोल्यांत चाललेल्या प्रयोगशाळेत हवेतले झायलीन मोजायला कोण येतो? मोजमाप होत नाही, म्हणून प्रश्न नोंदला जात नाही, आणि नोंद नाही म्हणून प्रश्न नाही, असे हे वर्तुळ आहे. वास्तविक झायलीन शरीरात गेले की यकृत त्याचे मिथाइलहिप्युरिक आम्ल बनवते आणि ते लघवीतून बाहेर पडते. पाळी संपताना घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात ते मोजता येते. रोज दुसऱ्यांच्या लघवीची तपासणी करणाऱ्या संस्थेत ही गोष्ट अवघड असू नये.

पर्याय कोणते?

मुख्यतः चार वाटा आहेत. पहिली, संत्र्याच्या सालीतून मिळणारे लिमोनीन. ते वनस्पतिजन्य म्हणून ‘हिरवे’ म्हणवले जाते. पण त्याचा वास दिवसभर सहन करणे सोपे नाही आणि हवेशी संयोग होऊन बनलेली त्याची रूपे त्वचेला ॲलर्जी आणतात. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज इथे उपयोगाचा नाही.

दुसरी वाट ॲलिफॅटिक हायड्रोकार्बनची, ज्यांना विक्रेते ‘झायलीन सबस्टिट्यूट’ म्हणतात. हीदेखील पेट्रोलियमचीच लेकरे, परंतु त्यांच्यात झायलीनसारखी बेन्झीनची कडी नसते. वास कमी, उडून जाणे कमी, फ्लॅश पॉइंट बहुधा झायलीनपेक्षा वरचा. दैनंदिन वापरासाठी सध्या हीच वाट सर्वांत सरळ आहे.

तिसरी वाट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मिनरल ऑइलची. इथेनॉल, मग आयसोप्रोपिल, मग त्याचे मिनरल ऑइलबरोबर मिश्रण आणि थेट मेण. कापातले मेण काढायला भांडी घासायच्या लिक्विडचे १.७ टक्के द्रावण, ९० अंशांपर्यंत तापवलेले. ऐकायला घरगुती उपाय वाटतो. पण स्वीडनमधील अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेली या पद्धतीची पडताळणी २००१ मध्येच प्रसिद्ध झाली आहे. आपल्याकडील दंत महाविद्यालयांच्या ओरल पॅथॉलॉजी विभागांनीही भांड्यांच्या साबणावर आणि क्लिअरिंगसाठी चक्क खोबरेल तेलावर प्रयोग करून ते प्रसिद्ध केले. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजते हे थंडीत डबीत बोट घालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, तेव्हा त्याला ऊब द्यावी लागते. मोठ्या रुग्णालयाच्या रोजच्या शेकडो ब्लॉकसाठी ते चालेल का, याबद्दल मला शंका आहे. पण कमी साधनांत पर्याय शोधण्याची ती धडपड दाद देण्याजोगी आहे.

चौथी वाट मायक्रोवेव्ह आणि निर्वात दाबाच्या यंत्रांची. त्यात झायलीन लागत नाही आणि वेळही वाचतो, पण यंत्राची किंमत लहान प्रयोगशाळेच्या आवाक्यातली नसते.

एक गोष्ट विसरता कामा नये. झायलीन स्वतःच एके काळचा ‘सुरक्षित पर्याय’ होता. त्याआधी बेन्झीन, क्लोरोफॉर्म, डायॉक्झेन असली द्रावके वापरात होती आणि बेन्झीन रक्ताचा कर्करोग घडवते हे आज सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे ‘नॉन-टॉक्सिक’ असे लेबलावर छापले की काम झाले, असे नाही. आयसोप्रोपिलचा फ्लॅश पॉइंट तर १२ अंशांच्या आसपास, म्हणजे झायलीनपेक्षाही खाली; त्या वाटेने जाणाऱ्याचा आगीचा धोका घटत नाही. उत्पादनासोबतचे सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे, आणि विक्रेता ते देत नसेल तर माल घेऊ नये.

सुरुवात कुठून करायची?

बहुतेक ठिकाणी बदलाची चर्चा टिश्यू प्रोसेसरपासून सुरू होते आणि तिथेच अडते. पॅथॉलॉजिस्टची भीती रास्त असते. एंडोस्कोपीतून आलेला दोन मिलिमीटरचा तुकडा प्रोसेसिंगमध्ये बिघडला तर तो परत मिळत नाही. रुग्णाला पुन्हा नळी घालून घ्यावी लागते, किंवा निदानच चुकते. नव्या द्रावकाचा पहिला बळी रुग्ण ठरू नये, हे मान्यच करायला हवे.

पण म्हणून सगळेच जसेच्या तसे ठेवायचे का? प्रोसेसर हे झाकणाचे यंत्र आहे आणि बहुधा रात्री चालते. माणसाच्या नाकाशी झायलीन येते ते मुख्यतः दिवसा, स्टेनिंगच्या उघड्या बरण्यांवर आणि स्लाइडवर झाकण चिकटवताना. नेमके तिथेच नमुन्याचा धोका सर्वांत कमी असतो. काप बिघडला तर ब्लॉक सुरक्षित असतो, दुसरा काप काढता येतो. माणसाला जिथे सर्वाधिक त्रास, तिथेच रुग्णाच्या नमुन्याला सर्वांत कमी जोखीम. मग बदल तिथूनच सुरू व्हायला हवा. प्रोसेसर थांबू शकतो, स्टेनिंगचे टेबल थांबायचे कारण नाही.

यात अडथळे येतात आणि ते आधीच माहीत असलेले बरे. ॲलिफॅटिक पर्यायांना पाणी झायलीनइतकेही खपत नाही. आधीच्या बरणीतले ‘ॲब्सोल्यूट’ अल्कोहोल खरोखर निव्वळ नसेल तर स्लाइड दुधाळ होते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात उघड्या बरणीतले अल्कोहोल हवेतली ओल ओढून घेते आणि जूनमध्ये चाललेली पद्धत जुलैत बिघडल्यासारखी वाटते. दोष नव्या द्रावकाला दिला जातो, खरा दोषी अल्कोहोलची बरणी असते. ती झाकून ठेवणे आणि लवकर बदलणे एवढाच उपाय. हे द्रावक सावकाश उडते, तेव्हा स्लाइड वाळायला वेळ लागतो. आणि डीपीएक्स त्याच्याशी जुळेलच असे नाही. त्याला चालणारे चिकटद्रव्य सोबत घ्यावे लागते. साबणाच्या गरम पाण्याची पद्धत निवडली तर काप काचेवरून सुटू शकतात, म्हणून चिकट लेप दिलेल्या स्लाइड हव्यात.

प्रोसेसरची पाळी आली की घाई नको. गर्भाशय, पित्ताशय, अपेंडिक्स अशा मोठ्या नमुन्यांत निदानासाठी लागणारे भाग घेऊन झाल्यावरही भरपूर ऊती उरते. एकाच जागेचे दोन शेजारी तुकडे घ्यावेत, एक जुन्या पद्धतीने आणि एक नव्या पद्धतीने करावा, स्लाइड कोणती कशी केली हे न सांगता पॅथॉलॉजिस्टला वाचायला द्यावी. स्तनासारख्या चरबी जास्त असलेल्या ऊतीला वेळ वाढवून द्यावा लागतो, तिची वेगळी चाचणी करावी. त्यानंतर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर आणि हर-टू या चाचण्यांवर औषध ठरते. त्यासाठी नमुना फॉर्मालिनमध्ये ६ ते ७२ तास राहावा असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व आहे. तेवढीच काळजी पुढच्या द्रावकाबद्दलही घ्यायला हवी. एनएबीएलची मान्यता ज्या आयएसओ १५१८९ मानकावर मिळते, त्यात बदललेली पद्धत आधी पडताळून तिची नोंद ठेवणे अपेक्षितच आहे. छोट्या बायोप्सी सर्वांत शेवटी.

खर्च कोणी सोसायचा?

झायलीन स्वस्त आहे, कारण ते प्रयोगशाळेसाठी बनतच नाही. त्याचा एक प्रकार, पॅरा-झायलीन, पॉलिएस्टर आणि पाण्याच्या बाटल्यांचा कच्चा माल आहे. रंग उद्योगालाही झायलीन लागते. त्या प्रचंड उत्पादनाच्या कडेला प्रयोगशाळांचा वापर म्हणजे थेंब. पर्यायी द्रावकाचे तसे नाही, म्हणून लिटरमागे ते महाग पडते. सरकारी महाविद्यालयात सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते आणि यादीत ‘झायलीन’ असे लिहिलेले असेल तर झायलीनच येते. विभागप्रमुखाची इच्छा असूनही उपयोग नाही. यादीत ‘झायलीन किंवा पडताळणी झालेला पर्याय’ असे चार शब्द वाढवायला पैसे लागत नाहीत.

आणि झायलीनचा खरा खर्च कोणी मांडतो का? एक सोपी नोंदवही ठेवता येईल. महिन्यात किती लिटर विकत घेतले आणि वापरून झालेले किती लिटर कचऱ्यात दिले. समजा २० लिटर आले आणि १४ गेले. उरलेल्या सहापैकी थोडे प्रोसेसरच्या मेणात गेले असेल. बाकीचे हवेत, म्हणजे खोलीत बसलेल्यांच्या फुप्फुसांत आणि खिडकीबाहेर. महागडी मापनयंत्रे येईपर्यंत ही वही कोणत्याही प्रयोगशाळेला आजपासून ठेवता येईल. नवे द्रावक आल्यावर हाच आकडा पुन्हा काढला की फरक कळेल.

वापरलेल्या द्रावकाचे काय?

बेसिनमध्ये तर नाहीच. झायलीन पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते आणि गटारात वाफ सोडत राहते. ॲलिफॅटिक पर्यायही तसेच तरंगतात, त्यामुळे ‘सुरक्षित’ म्हणून ते ओतून देण्याची मुभा मिळत नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रासायनिक द्रव कचरा पिवळ्या गटात मोडतो आणि वापरलेल्या फॉर्मालिनचे नाव त्यात स्पष्टपणे आहे. वापरलेली द्रावके झाकणाच्या, नाव लिहिलेल्या कॅनमध्ये वेगळी साठवून अधिकृत संस्थेकडे द्यायची. ज्यांचा वापर मोठा आहे त्यांना ऊर्ध्वपातनाचे छोटे यंत्र बसवून झायलीन परत शुद्ध करता येते; ते साधारण १३८ ते १४४ अंशांना उकळते, म्हणून मेण आणि रंग मागे राहतात. प्रोसेसरमधून झायलीन जाईपर्यंतच्या काळात निदान नवी खरेदी तरी त्याने कमी होईल.

बदल सुरू होईपर्यंत काही कामे उद्याच करता येतील : बरण्यांना घट्ट झाकणे, गरोदर सहकाऱ्याला स्टेनिंगपासून दूर दुसरे काम, स्टेनिंगचे टेबल खिडकीकडे आणि ओढ घेणारा एक्झॉस्ट टेबलाच्या उंचीवर. आणि ग्रॉसिंगच्या टेबलावरच्या फॉर्मालिनलाही तोच एक्झॉस्ट.